अडकित्ता चिन्ह, चहात बुडवलेले कुर्ते आणि आमचा पॉलिटिकल ॲक्शन थ्रिलर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात शूट झालेल्या आमच्या मराठी पिक्चरवर मी फर्स्ट एडी, म्हणजे पहिली असिस्टंट डिरेक्टर होते. म्हणजे कॉल शीट (उद्या कोणी किती वाजता कुठे यायचं तो कागद) काढणारी, सेटवर ओरडणारी आणि उशीर झाला की दोन्हीकडून शिव्या खाणारी बाई. ट्रेलर आल्यापासून मेसेजमध्ये तेच तेच प्रश्न येतायत, प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतेय. पिक्चरचं नाव मुद्दाम घेत नाहीये, ज्यांना माहितीये त्यांना माहितीये.

१. पॉलिटिकल ॲक्शन थ्रिलर म्हणजे मारधाडीचाच पिक्चर ना, फक्त नेते घातलेला?

गोष्ट म्हणून बरंचसं हो. पण बनवायला बसलं की फरक कळतो. साध्या ॲक्शनपटात व्हिलन गोडाऊनमध्ये बसतो आणि गोडाऊन भाड्याने मिळतं. आमचा व्हिलन मंत्री. त्याला केबिन पाहिजे, बंगला पाहिजे, गाड्यांचा ताफा, सभा, पक्ष, झेंडा, पेपरातली बातमी, चॅनेलवाल्यांचे माईक, आणि यातलं एकही खरं वापरता येत नाही. सगळं खोटं बनवायचं, ते पडद्यावर खरं वाटलं पाहिजे, आणि त्याच वेळी रस्त्याने जाणाऱ्या माणसाला मात्र ते खरं वाटता कामा नये, नाहीतर कोणीतरी पोलिसांना फोन लावतो. ही कसरत करण्यात आमचे निम्मे दिवस गेले. मारामारीला त्यामानाने काहीच वेळ लागला नाही.

२. गोष्ट मुंबईत घडते, मग सगळं शूटिंग पुण्यात का?

पैसे. दुसरं कारण म्हणजे युनिटमधले बरेच जण इथलेच, रात्री घरी जाऊन झोपतात, हॉटेलचं बिल वाचतं. आणि पुण्यात मोठ्या सरकारी वास्तूसारखं दिसणारं खूप काही आहे. विद्यापीठाची मुख्य इमारत बघा, लांबून राजभवनच वाटते, आणि वाटणारच, कारण गणेशखिंडीतली ती वास्तू इंग्रजांच्या काळात गव्हर्नरसाठीच बांधलेली. प्रभात रोडच्या आतल्या गल्ल्यांमध्ये अजून चार-दोन जुने बंगले उरलेत, त्यातला एक आमच्या साहेबांचा, म्हणजे त्या व्हिलन मंत्र्याचा, बंगला झाला. मुंबई दाखवायला समुद्राचे आणि मंत्रालयाच्या बाहेरचे तेवढे तीन शॉट लागले, ते एका दिवसात चार माणसं जाऊन घेऊन आली. प्रेक्षकाला आधी समुद्र दाखवला की पुढची खोली नाना पेठेतली असली तरी तो मुंबईच समजतो.

३. मंत्र्यांची केबिन खरी होती का? एवढी हुबेहूब कशी?

केबिन म्हणजे एका बंद पडलेल्या ऑफिसचा पहिला मजला. आर्ट डिरेक्टरने आधी भारीतलं टेबल, लेदरची खुर्ची, मागे पेंटिंग असं लावलं होतं आणि ते बिल्डरचं ऑफिस दिसत होतं. मग आमचा एक प्रॉडक्शनवाला, ज्याचे वडील सरकारी नोकरीतून रिटायर झालेत, तो म्हणाला की खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल टाका. टाकला, आणि खरं सांगते, एका सेकंदात ती सरकारी खुर्ची झाली. मग एकेक सुचत गेलं. पाण्याच्या ग्लासवर झाकण. टेबलावर घंटी. भिंतीवर तो लाकडी बोर्ड, ज्याच्यावर आधीच्या सगळ्या साहेबांची नावं आणि कधीपासून कधीपर्यंत ते लिहिलेलं असतं. लाल फितीत बांधलेल्या फायली, त्यातल्या खालच्या मुद्दाम पिवळ्या पाडलेल्या. पिक्चरमध्ये त्या बोर्डवरची सगळी नावं युनिटच्या लोकांची आहेत, पॉज करून वाचा, माझा कार्यकाळ फक्त चार महिन्यांचा आहे.

एकच गोष्ट जपावी लागली. राजमुद्रा, म्हणजे अशोकस्तंभाचं चिन्ह, कुठेही कसंही छापता येत नाही, त्यासाठी २००५ चा वेगळा कायदा आहे. म्हणून लेटरहेडवर त्या जागी आम्ही एक गोल नक्षी टाकली आणि कॅमेरा कधी जवळ नेलाच नाही.

४. परवानग्या किती लागतात? आमचं कॉलेजचं युनिट आहे, आम्हालाही लागतील का?

लागतील. जागा कोणाची त्यावर परवानगी कोणाची ते ठरतं, आणि पुण्यात दर दोन किलोमीटरवर जागेचा मालक बदलतो. रस्ता, बाग, पूल म्हणजे महापालिका. रस्त्यावर शूट म्हणजे पोलीस स्टेशन, आणि गाड्या थांबवायच्या असतील तर वाहतूक शाखा वेगळी. कालवा नाहीतर धरणाचा काठ असेल तर पाटबंधारे खातं, टेकडीवर गेलात तर वनखातं. शनिवारवाडा आणि आगाखान पॅलेस केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, तिथे पालिकेचं पत्र दाखवून काही उपयोग नाही. कॅम्पात गेलात की कँटोन्मेंट, आणि लष्कराच्या हद्दीकडे तर कॅमेरा वळवायचाच नाही, दक्षिण कमांडचं मुख्यालय इथेच आहे हे विसरू नका.

राज्य सरकारची एक खिडकी योजना आहे, गोरेगावच्या चित्रनगरीचं जे महामंडळ आहे ते चालवतं, तिथे अर्ज केला की बऱ्याच खात्यांचं एकत्र होतं. पण ऑनलाइन परवानगी आली म्हणून स्थानिक पोलीस स्टेशनला न जाता थेट कॅमेरा लावू नका. आदल्या दिवशी जाऊन पत्राची कॉपी द्यायची, कोणता सीन आहे ते नीट सांगायचं, हत्यार दिसणार असेल तर ते तर नक्कीच सांगायचं, आणि ड्युटीवर जे असतील त्यांचा नंबर घ्यायचा. हे का, ते प्रश्न १५ मध्ये कळेल.

कॉलेजच्या मुलांसाठी: मोबाईलवर दोघांनी गुपचूप शूट करणं वेगळं आणि ट्रायपॉड, बूम (लांब दांडीचा माईक), दहा जण आणि हातात पिस्तूल हे वेगळं. दुसऱ्यात आलात की पत्र पाहिजेच.

५. पक्षाचं चिन्ह अडकित्ता का? आणि जांभळा झेंडा?

हसू नका, या एका गोष्टीवर तीन मीटिंग झाल्यात. रंगापासून अडचण. भगवा नको, हिरवा नको, निळा नको, लाल नको, तिरंगी पट्टा नको, पांढरा घेतला तर लॉन्ड्रीची जाहिरात वाटते. उरला जांभळा. लक्ष्मी रोडला ताग्यावर तागे बघून शेवटी असा जांभळा घेतला जो उन्हात शूट केला तरी निळा दिसत नाही, कारण कॅमेऱ्यावर जांभळा पटकन निळ्याकडे सरकतो.

चिन्हाचं त्याहून अवघड. निवडणूक आयोगाची मुक्त चिन्हांची यादी कधी वाचलीये का? कपबशी, नारळ, गॅस सिलिंडर, रोड रोलर, घरात आणि रस्त्यावर जे काही दिसतं ते सगळं त्यात आहे, आणि कुठल्यातरी वॉर्डात कोणीतरी त्याच्यावर लढलेलं असतंच. म्हणजे काहीही घेतलं तरी कोणाचं तरी. यादी चाळून चाळून आमच्या लेखकाच्या आजीच्या पानाच्या डब्यातून अडकित्ता निघाला, तो आम्हाला यादीत सापडला नाही. आणि डिरेक्टर खूश, कारण दोन पाती मिटणारा शॉट त्याला टायटलमध्ये फुकटात मिळाला.

पेपर आणि चॅनेलचं पण तसंच, सगळी नावं काल्पनिक, माईकवरचे चौकोनी डबे सनबोर्डचे, घरी कापलेले. खऱ्या चॅनेलचा लोगो वापरला असता तर त्यांची लेखी परवानगी लागली असती, आणि आमच्या पिक्चरमध्ये पत्रकार विकला जातो, कोण देणार परवानगी?

६. पण ते साहेब म्हणजे अमुकच ना? आम्हाला तरी सांगा.

नाही. पुढचा प्रश्न.

बरं, थोडं सांगते. सुरुवातीला ती 'सर्व पात्रं काल्पनिक' पाटी टाकली म्हणजे सगळं माफ असं नसतं. पाटी असूनही कोणाला वाटलं की हे सरळसरळ माझंच आहे आणि माझी बदनामी आहे, तर तो कोर्टात जाऊ शकतो. म्हणून वकिलाने स्क्रिप्ट ओळ न् ओळ वाचली आणि साहेबांची एक लकब, एक गाव आणि एक घोटाळा बदलायला लावला. घोटाळा बदलला म्हणून क्लायमॅक्स बदलला, आणि खरं सांगायचं तर नवा क्लायमॅक्सच जास्त चांगला झाला.

७. सभेला एवढी हजारो माणसं कुठून आणली?

१८० माणसं होती. मोजून, कारण जेवणाची पाकिटं मी मोजली होती.

कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का लॉक करायचा, एक मिलिमीटर हलता कामा नये. १८० जणांना मैदानाच्या एका तुकड्यात बसवायचं, शॉट घ्यायचा. मग सगळे उठून शेजारच्या तुकड्यात, टोप्या आणि उपरणी आपापसात बदलून, परत शॉट. असे पाच तुकडे घेतले आणि नंतर कॉम्प्युटरवर जोडले. झाले ९००. शिवाय पुढच्या रांगेतल्यांच्या हातात उंच झेंडे, कॅमेरा खाली, म्हणजे झेंड्यांच्या मागे मैदान रिकामं आहे ते दिसत नाही. आणि बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या, कारण उभा माणूस जेवढी जागा भरतो त्याच्या दुप्पट जागा खुर्चीवरचा माणूस भरतो.

खरी मारामार उजेडाशी. पाचही तुकडे एकाच उन्हात झाले पाहिजेत, संध्याकाळी सावल्या भराभर लांब होतात, आणि १८० माणसांना उठवून दुसरीकडे बसवायला लागतात कमीत कमी सहा मिनिटं. त्यात चौथ्या तुकड्याच्या वेळी चहा आला. ज्याने त्या वेळी चहा सोडला त्याचं नाव मी घेत नाही, पण नीट बघितलं तर सभेच्या उजव्या कोपऱ्यात सावल्या जरा वेगळ्याच दिशेला पडल्यात.

८. बंदुका खऱ्या असतात का?

आमच्या सेटवर एकही नव्हती. खरं हत्यार १९५९ च्या आर्म्स ॲक्टखाली येतं, लायसन्सशिवाय हातही लावायचा नाही, आणि लावायची गरजही नसते. तीन प्रकारच्या बंदुका होत्या. पळताना, पडताना, मारामारीत रबराची, म्हणजे दात पडत नाहीत. क्लोजअपला धातूची डमी, वजनदार, जिची नळी आतून बंद असते. आणि झटका दिसायला पाहिजे तिथे गॅसवर चालणारी. नळीतून निघणारी ज्वाळा आणि उडणारी काडतुसं नंतर व्हीएफएक्समध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर टाकली.

'ब्लँक वापरा ना, त्यात गोळी नसते' असं खूप जण म्हणतात. गोळी नसते पण बंदुकीची दारू असते, जवळून मारलं तर नुसत्या दाबाने आणि आतल्या बुचाने माणूस मरू शकतो. आणि २०२१ मध्ये अमेरिकेत न्यू मेक्सिकोला एका सेटवर तर डमी समजलेल्या पिस्तुलात खरी गोळी निघाली आणि कॅमेरावूमन गेली. तेव्हापासून आमचे डिरेक्टर या बाबतीत ऐकूनच घेत नाहीत. डमी असली तरी प्रत्येक टेकच्या आधी बंदूकवाला सगळ्यांना नळी दाखवतो, मोठ्याने 'डमी आहे' सांगतो, आणि कट झाला की बंदूक परत त्याच्याच पेटीत. खिशात घालून जेवायला जायचं नाही. एकजण तर बंदूक घेऊन घरीच निघाला होता, ते १५ मध्ये.

९. मारामारीत खरंच लागतं का हो? बुक्के खरे वाटतात.

बुक्का आणि गाल यात वीतभर अंतर असतं. लांबची लेन्स लावली की पुढचं मागचं चिकटल्यासारखं दिसतं, म्हणून ती वीत गायब होते. मारणारा नाही, मार खाणारा सीन विकतो. त्याने मान कधी फिरवली त्यावर सगळं, म्हणून फाइट मास्तर हिरोपेक्षा फायटरला जास्त झापतात. शूट पण नेहमीच्या २४ फ्रेमऐवजी २२ ला केलंय काही ठिकाणी, मग २४ ला चालवलं की हात आपोआप चपळ होतात. आवाज नंतर. आमच्या फोलीवाल्याने (पिक्चरमधले असले आवाज स्टुडिओत बनवणारा) ओल्या टॉवेलवर आणि कोबीच्या गड्ड्यावर बुक्के मारून केलेत, बरगडी मोडल्याचा आवाज म्हणजे गाजर. त्या आठवड्यात स्टुडिओत सगळ्यांच्या डब्यात कोबीची भाजी होती.

तरी लागतं. हिरोचा अंगठा मुरगळला, एका फायटरच्या भुवईला दोन टाके पडले, तेसुद्धा फाइटमध्ये नाही, जिन्यावरून खाली येताना.

१०. रक्त, फुटणाऱ्या काचा, स्फोट?

रक्त म्हणजे लिक्विड ग्लुकोज, खायचा लाल रंग आणि थोडी कॉफी, कॉफीने तो जरा काळपटपणा येतो. तोंडात घ्यायचं असेल तर हेच. कपड्यावर टाकायचं वेगळं, धुतल्यावर निघणारं. गोड रक्ताचा त्रास असा की मुंग्या येतात. मेलेल्या माणसाने निपचित पडायचं आणि मानेवर मुंग्या, बिचारा सात टेक पडून होता.

बाटल्या आणि खिडकीच्या काचा रेझिनच्या, पूर्वी साखरेच्या करायचे. खूप नाजूक असतात, मुंबईहून येताना टेंपोत निम्म्या गेल्या, म्हणून बाटली डोक्यावर फुटायचा सीन एकाच टेकमध्ये आहे, दुसरी बाटलीच नव्हती.

स्फोटात जी धूळ उडते ती मुलतानी माती, आणि जे तुकडे उडतात ते बुचाचे. बायकांनो, हो, तीच चेहऱ्याला लावायची, पोतंभर. आगीचा भाग लायसन्स असलेल्या माणसाकडेच द्यायचा आणि अग्निशमनची गाडी सेटवर उभी पाहिजे, यात काटकसर केली तर मी त्या सेटवर येत नाही.

यातच सारखा येणारा एक प्रश्न: नेत्यांचे कुर्ते जरा पिवळट का दिसतात? मुद्दाम. एकदम पांढरं कापड कॅमेऱ्यावर भगभगतं, चेहरा काळा पडतो. म्हणून सगळे खादीचे कुर्ते चहाच्या पाण्यात बुडवून काढले. साहेबांना गोळी लागते त्या सीनसाठी एकसारखे सहा कुर्ते होते, सहाही एकाच पातेल्यात उकळलेले, कारण दोन वेगळ्या चहांचा रंग एक येत नाही.

११. गाडी उलटते तो शॉट खरा आहे की कॉम्प्युटरचा?

दोन्ही नाही. मोठ्या बजेटमध्ये पाइपचा रॅम्प लावतात, गाडीत लोखंडी पिंजरा बसवतात आणि स्टंटवाला खरोखर उलटवतो. आमच्याकडे तेवढे पैसे नव्हते. भंगारातून त्याच मॉडेलची एक गाडी आणली, क्रेनने उचलून ताम्हिणीच्या बाजूला एका बंद खाणीत उलटी ठेवली, इंजिनपाशी धूर सोडला, आणि कॅमेऱ्यात न दिसणारा एक मुलगा चाक हाताने गरागरा फिरवून बाजूला पळाला. आधी ब्रेकचा आवाज, मग काळी स्क्रीन, मग हा शॉट. थिएटरमध्ये टेस्ट स्क्रीनिंगला एक बाई किंचाळल्या. चाक फिरवणाऱ्या मुलाला मी मुद्दाम त्यांच्या मागच्या रांगेत बसवलं होतं.

नदीपात्रातल्या रस्त्यावरचा चेस मात्र खऱ्या बाइकवर आहे. तो दोनदा पुढे गेला, कारण खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल आणि तो रस्ता पाण्याखाली. पावसाळ्यात पात्रात शेड्यूल लावणारा एडी पुण्याचा नाही असं समजावं. मी लावलं होतं.

१२. मंत्र्याच्या गाडीवर लाल दिवा का नाही? चूक झाली ना?

चूक नाही. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाडीवरचा लाल दिवा बंद झालाय. गोष्ट आजची आहे म्हणून दिवा नाही. फ्लॅशबॅकमध्ये आहे, बघा परत.

१३. ड्रोन शॉट फक्त घाटातलेच का? शहराचा एकही नाही.

लोहगाव. विमानतळ हवाई दलाच्या तळावर आहे आणि २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरपर्यंत बंधनं आहेत. ८ ते १२ च्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत चालतं, त्याच्या आत आलात की परवानगी. लोहगावपासून १२ किलोमीटरचं वर्तुळ काढून बघा, शहर किती उरतं ते. दुसऱ्या बाजूला खडकवासल्याला एनडीए, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणारी अकादमी. डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनसाठीच्या वेबसाइटवर नकाशा आहे, तो बघूनच जागा ठरवा. आम्ही पेठांचा टॉप शॉट एका उंच बिल्डिंगच्या गच्चीवरून घेतला, कोणाला कळला पण नाही.

१४. रात्री एवढी घोषणाबाजी, आजूबाजूचे लोक ओरडले नाहीत?

घोषणाबाजी झालीच नाही. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद, २००० सालचे ध्वनी प्रदूषणाचे नियम आहेत. रात्रीच्या मोर्च्यात सगळे नुसते तोंड हलवतायत, हात वर करतायत, आवाज शून्य. खरं तर फार भीतीदायक दिसतं ते, ७० माणसं मूकपणे ओरडतायत आणि मधूनच एखादं कुत्रं भुंकतं. आवाज नंतर दिवसा एका हॉलमध्ये घेतला. मेगाफोन बंद म्हणून मी सूचना मोबाईलच्या टॉर्चने देत होते, एकदा म्हणजे चला, दोनदा म्हणजे थांबा.

वाड्यातल्या आजी-आजोबांकडे आम्ही आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगून आलो होतो, पेढे घेऊन. तरी एका खिडकीतून दुपारी दोन वाजता पाटी बाहेर आली, 'येथे दुपारी १ ते ४ शूटिंगचा आवाज करू नये.' तिचा फोटो माझ्याकडे आहे.

१५. रस्त्यावरच्या लोकांना कधी खरं वाटलं का?

तीनदा.

पहिल्यांदा पिस्तूल. रबराचं एक आमच्या एका मुलाने आवरताना गाडीच्या डिकीत टाकलं आणि घरी निघाला. रात्री पावणेबाराला नाकाबंदी, डिकी उघडली. त्याचा फोन आला तेव्हा तो रडत होता. मी परवानगीचं पत्र, कॉल शीट आणि रबराची आणखी एक बंदूक घेऊन पळाले (ती नेणं ही चूक होती हे तिथे पोचल्यावर लक्षात आलं). प्रश्न ४ मध्ये जो नंबर घ्या म्हटलं तो नंबर त्या रात्री कामी आला. तास दीड तास झापलं आणि सोडलं, चूक पूर्ण आमचीच होती.

दुसऱ्यांदा फ्लेक्स. शूट संपलं, एक जांभळा फ्लेक्स खांबावर राहून गेला. सकाळपर्यंत तो त्या भागातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, हा कुठला नवीन पक्ष, अडकित्ता कोणाचा. एका ऑफिसातून विनापरवाना फ्लेक्सबद्दल फोन आला आणि आम्ही दंड भरला.

तिसऱ्यांदा आमचे साहेब. ते ॲक्टर स्वभावाने अगदी साधे, शॉटच्या मधे पारावर चहा पीत बसले होते, पांढरा कुर्ता, मागे दोन सफारीवाले. एक काका सायकल लावून आले, पाच मिनिटं शांतपणे उभे राहिले आणि म्हणाले, 'साहेब, आमच्या गल्लीत गेले आठ दिवस पाणी कमी दाबाने येतंय.' ॲक्टर बिचारे सांगायला लागले की अहो मी खरा नाहीये. काका म्हणाले, 'ते राहू दे हो, लिहून तर घ्या.' त्यांनी लिहून घेतलं. सफारीवाल्याच्या स्क्रिप्टच्या मागच्या पानावर.

१६. पैशांच्या बॅगेतल्या नोटा?

खऱ्या नोटेसारखं दिसणारं काहीही छापणं हा कायद्याने गुन्हा आहे, फसवायचा हेतू नसला तरी. म्हणून लहान मुलांच्या खेळातल्या नोटा, त्यावर तसं स्पष्ट छापलेलं, आणि गड्डीत मधे कोरे कागद. कॅमेरा लांब. एका क्लोजअपला प्रोड्यूसरने खिशातली एक खरी नोट वर ठेवली, आणि शॉट संपल्या संपल्या परत मागितली.

१७. त्या छोट्या मुलीचं शूट कसं केलंत? आणि स्क्रिप्टमध्ये कुत्रा होता म्हणे?

मुलांसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि मानधनातले २० टक्के मुलाच्या नावाने बँकेत ठेव. म्हणून तिचे सगळे सीन सकाळी. गोळीबाराच्या वेळी ती सेटवर नव्हतीच, तिचे घाबरलेले क्लोजअप दुसऱ्या दिवशी घेतले, समोर तिचा बाबा पाल पकडायचा प्रयत्न करत होता.

कुत्र्यासाठी ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी शूटच्या आधी आणि प्रमाणपत्र सेन्सॉरला. आमच्याकडे वेळ नव्हता, कुत्रा स्क्रिप्टमधून गेला. प्रश्न १४ मध्ये जो भुंकतो तो अभिनय करत नव्हता.

१८. सेन्सॉरने किती कापलं? स्क्रिप्ट आधी दाखवावी लागते का?

स्क्रिप्ट दाखवावी लागत नाही, तयार पिक्चर जातो. आधी एक कमिटी बघते, त्यांचं पटलं नाही तर रिव्हायजिंग कमिटीकडे जाता येतं. तिथेही नाही जमलं तर पूर्वी अपिलाचं वेगळं ट्रायब्युनल होतं, ते २०२१ मध्ये बंद झालं, आता थेट हायकोर्ट. छोट्या प्रोड्यूसरला हायकोर्ट परवडत नाही, म्हणून तो 'बरं, कापतो' म्हणतो, आणि याबद्दल कोणी फार बोलत नाही ही माझी तक्रार आहे.

२०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए चे (म्हणजे लहान मुलांनी पालकांच्या देखरेखीत बघायच्या सर्टिफिकेटचे) तीन भाग झालेत, ७, १३ आणि १६ वर्षांवरचे. आम्हाला १६ चं मिळालं. दोन शिव्या म्यूट, एका जातीचा उल्लेख काढला, गळा दाबायचा शॉट निम्मा केला. राजकीय डायलॉग एकही गेला नाही, जे जातील म्हणून आम्ही रडत होतो तेच सगळे राहिले. आणि सर्टिफिकेट मिळाल्यावर पिक्चरमध्ये काही बदललं की परत त्यांच्याकडे जावं लागतं, म्हणून त्या सावल्या (प्रश्न ७) तशाच राहिल्या.

लष्कराचा युनिफॉर्म, कथानक असेल तर अजून एक पायरी, २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने अशा पिक्चरसाठी त्यांची एनओसी घ्या असं सेन्सॉरला कळवलंय. आमच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये हिरो माजी मेजर होता. आता तो माजी पीएसआय आहे.

१९. इलेक्शनच्या तोंडावर रिलीज केला असता तर जास्त चालला असता ना?

चालला असता की थांबवला असता? लोकप्रतिनिधी कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे मतदान संपायच्या आधीचे ४८ तास निवडणुकीशी संबंधित मजकूर सिनेमातूनही दाखवता येत नाही. २०१९ मध्ये तर आयोगाने एप्रिलमध्ये आदेश काढून आचारसंहितेच्या काळात राजकीय बायोपिक दाखवायला मनाई केली होती. आमचा बायोपिक नाही, पक्षही खोटा, कदाचित काही झालं नसतं. पण 'कदाचित' वर थिएटर बुक होत नाहीत.

२०. हिरो सिगारेट का ओढत नाही? पोस्टरवर तर हातात होती.

सिगारेट दिसली की सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तंबाखूविरोधी जाहिरात, शिवाय सीन चालू असेपर्यंत खाली पाटी. डिरेक्टर म्हणाले माझ्या क्लायमॅक्सखाली पाटी नको. सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीवर पण हेच आहे, त्यामुळे पळवाट नाही. पोस्टरवर हातात आहे तो अडकित्ता, नीट बघा.

२१. मला काम मिळेल का? एकाने ऑडिशनचे पैसे मागितले, भरू का?

भरू नका. ऑडिशनचे, पोर्टफोलिओचे, रजिस्ट्रेशनचे, कसलेच नाही. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. गर्दीत उभं राहायचं असेल तर कोऑर्डिनेटरमार्फत या, घरून खाऊन या आणि घड्याळ काढून ठेवा, कारण पाच तुकड्यात पाच वेगळ्या वेळा दिसतात.

२२. ते झेंडे आता कुठे आहेत? आम्हाला एक मिळेल का?

बरेचसे दुसऱ्या एका युनिटने नेले, ते उलट्या बाजूने शिवून लग्नाच्या मांडवाला वापरणार होते. अडकित्ता लेखकाच्या आजीला परत गेला, त्याच्याशिवाय त्यांनी आम्हाला चहा दिला नसता. तेरा झेंडे माझ्याकडे आहेत, त्यातले दोन जोडून पावसाळ्यात माझ्या गाडीवर टाकते, कापड चांगलं आहे. परवा खालच्या मजल्यावरचे जोशीकाका वर आले आणि दारातच हळू आवाजात म्हणाले, 'काय गं, कधी प्रवेश केलास? आम्हाला सांगितलं पण नाहीस.'